एका चेंडूत दहा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एखाद्या व्यापाऱ्याचा मोठा सौदा एका बैठकीत पटला, एखाद्या उमेदवाराने एका भाषणात विरोधकांची सारी मांडणी मोडून काढली, किंवा एखाद्या नाटक मंडळीचा पहिलाच प्रयोग गावभर गाजला, म्हणजे अशा निर्भेळ यशाला 'टेन-स्ट्राइक' म्हणण्याचा प्रघात पडला होता. हा शब्दप्रयोग ज्या जागेत रुळला ती जागा प्रतिष्ठितांच्या वहिवाटीची नव्हती. गुत्त्याच्या पाठीमागे किंवा तळघरात काढलेली लांब, अरुंद, तंबाखूच्या धुराने कोंदलेली पडवी, तिच्यात फळ्यांची जमीन, जमिनीच्या पार टोकाला उभ्या केलेल्या दहा लाकडी पिना, आणि अलीकडच्या टोकाला कोट काढून, बाह्या सारून उभा असलेला खेळाडू. त्याने सोडलेल्या एकाच चेंडूने त्या दहाही पिना आडव्या झाल्या की टेन-स्ट्राइक झाली. ज्या खेळाला अनेक राजवटींनी जुगाराचे आणि आळसाचे मूळ ठरवून वेळोवेळी मनाई केली, त्याच खेळाकडून एका मोठ्या राष्ट्राने पूर्ण यशाचे माप उसने घ्यावे, हा योग मला फार दिवस विचार करायला लावीत आला आहे. आणि त्या मापाची घडण कशी झाली, ते कोणाच्या श्रमावर उभे राहिले व कोणाला नाकारले गेले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ पुरता हाती लागत नाही, असे माझे मत झाले आहे.

मराठी वाचकाच्या कानी 'बोलिंग' हा शब्द पडला की क्रिकेटचे मैदान डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत असलेला खेळ निराळा. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात गेल्या शतकाच्या अखेरीस त्याच्या लेन निघाल्या, त्यामुळे मुंबईकरांना तरी तो आता अपरिचित राहिलेला नाही. परंतु ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्याची मांडणी सांगणे अवश्य आहे. लेन म्हणजे गुळगुळीत लाकडी पट्टा, रुंदीने साडेतीन फुटांहून किंचित कमी, दोन्ही अंगांना गटर. खेळाडूने जी रेषा ओलांडावयाची नाही तिच्यापासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट. तेथे १५ इंच उंचीच्या १० पिना एक, दोन, तीन आणि चार अशा ओळींनी त्रिकोणात उभ्या, आणि शेजारशेजारच्या दोन पिनांच्या केंद्रांत १२ इंचांचे अंतर. चेंडू जास्तीत जास्त १६ पौंडांचा. आपल्याकडे लगोरीतही चेंडूने रचलेल्या चकत्या फोडतात, पण तेथे फोडणे ही केवळ डावाची सुरुवात असते आणि खरी कसोटी ती पुन्हा रचण्यात असते. येथे पाडणे हेच साध्य, आणि रचण्याचे काम दुसऱ्याच कोणाच्या माथी. हा दुसरा कोण, याचा विचार पुढे येईलच.

गोळा घरंगळवून उभे खुंट पाडण्याची हौस मानवजातीत फार जुनी असावी. इजिप्तमध्ये नकादा येथे उत्खनन करताना फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्ववेत्त्याला एका लहान मुलाच्या थडग्यात दगडी खुंट व गोळे सापडले, आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षांच्याही पलीकडचा मानला जातो. तथापि आपल्या विषयाचा धागा जर्मन मुलखातून येतो. तेथे या खुंटाला 'केगेल' म्हणत. शेतकरी तो जवळ बाळगीत, आणि चर्चच्या ओवरीत उभा करून त्यावर गोळा टाकणे म्हणजे पाखंडाला लोळविणे, अशी भावना रूढ होती, असे परंपरा सांगते. मार्टिन ल्यूथरने खुंटांची संख्या नऊ ठरविली अशीही आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जर्मन आणि डच लोकांचा हा खेळ नऊ खुंटांचा, चौकटीतल्या पत्त्याच्या आकाराने मांडलेला, हे निश्चित, आणि सारे नऊ खुंट एकदम पाडणाऱ्याचा जयघोष करण्याची चाल त्यांच्यात दृढ होती. म्हणजे पूर्णत्वाची कल्पना दहाव्या पिनेच्या आधीपासून या खेळात नांदत होती.

इंग्लंडात या खेळाची गाठ राजसत्तेशी पडली, आणि ती हकीकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे. आठव्या हेन्रीच्या अमदानीत १५४१ साली पार्लमेंटने एक कायदा केला. त्याचा मुख्य उद्देश धनुर्विद्येचे रक्षण हा होता. कारागीर, शेतमजूर, शिकाऊ उमेदवार आणि नोकर यांनी फावल्या वेळी धनुष्यबाणाचा सराव करावा, म्हणजे युद्धप्रसंगी राजाला तिरंदाज मिळतील, अशी राज्यकर्त्यांची अपेक्षा होती, आणि ही मंडळी तो वेळ गोळे टाकण्यात, फाशांत आणि पत्त्यांत दवडतात हे त्यांचे दुःख होते. म्हणून या वर्गांना नाताळाखेरीज हा खेळ वर्ज्य ठरला, आणि नाताळातही तो धन्याच्या घरी किंवा धन्याच्या देखतच खेळावा अशी शर्त पडली. उलट ज्यांच्या जमिनीचे उत्पन्न दरसाल १०० पौंड वा अधिक असेल त्यांना आपल्या हद्दीत आपल्या नोकरांना खेळण्याचा परवाना देण्याची मुभा राहिली. आणि स्वतः हेन्रीने तर आपल्या व्हाइटहॉलच्या राजवाड्यात या खेळासाठी खास जागा बांधून घेतल्या होत्या. खेळ एकच, गोळा एकच, परंतु तो कोणाच्या हातून सुटला यावर विरंगुळा की गुन्हा हे ठरावयाचे. या कायद्यातली कौशल्याच्या खेळांवरील बंदी १८४५ साली, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी उठली. तिरंदाजांची फौज तोवर इतिहासजमा होऊन किती पिढ्या लोटल्या होत्या! दप्तरात बसलेला कायदा आपल्या प्रयोजनापेक्षा किती अधिक जगतो, याचा हा बोलका दाखला आहे.

इंग्रज आणि डच वसाहतवाले अटलांटिक ओलांडून गेले तेव्हा हा खेळ आणि त्याविषयीची कुरकुर ही दोन्ही त्यांच्याबरोबर गेली. १६११ साली सर टॉमस डेल व्हर्जिनियातील जेम्सटाउनला उतरला तेव्हा अन्नाची भ्रांत असलेल्या त्या वसाहतीतले लोक त्याला रस्त्यात गोळे टाकीत बसलेले आढळले, आणि त्या कठोर अंमलदाराच्या संतापाला पारावार राहिला नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र १७३३ साली नगरपालिकेने किल्ल्यासमोरची जागा तिघा नागरिकांना हिरवळीवरच्या बोलिंगसाठी मक्त्याने दिली आणि तिचा वार्षिक खंड ठरविला मिरीचा एक दाणा. नाममात्र मोबदल्याची ही इंग्रजी वहिवाट आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या मिरीवर बेतलेली पाहून कोकणी वाचकाला कौतुक वाटेल. ती जागा आजही 'बोलिंग ग्रीन' म्हणूनच ओळखली जाते. तेथला खेळ हिरवळीवरचा, खुंटांवाचूनचा. नऊ खुंटांचा खेळ डच वस्तीत रुजला, आणि १८१९ साली वॉशिंग्टन अर्व्हिंगने आपल्या 'रिप व्हॅन विंकल' या कथेत कॅट्सकिल डोंगरातला मेघगर्जनेचा आवाज म्हणजे हेन्ड्रिक हडसनच्या खलाशांच्या नऊ खुंटांच्या खेळाचा गडगडाट, अशी कल्पना करून त्याला अमेरिकन वाङ्मयात कायमचे स्थान दिले.

आता नवाचे दहा कसे झाले? याविषयी एक कथा अमेरिकेत इतकी प्रसृत आहे की ती पाठ्यपुस्तकांतूनही शिरली आहे. नऊ खुंटांच्या अ‍ॅलींतून म्हणजे या खेळाच्या जागांतून पैजा लागू लागल्या, मजुरांचे पगार तेथे उडू लागले, म्हणून १८४१ साली कनेटिकट संस्थानाने नऊ खुंटांच्या खेळाला कायद्याने मनाई केली. तेव्हा अ‍ॅलीवाल्यांनी दहावा खुंट उभा करून, आमचा खेळ कायद्यातला नव्हेच, असा जबाब दिला, आणि अशा रीतीने दहा पिनांचा खेळ जन्मास आला. कथा सुबक आहे. कायदेबाज सरकारवर साध्या माणसाने चतुराईने केलेली मात कोणाला आवडणार नाही? पण कालगणना तिच्या आड येते. सुमारे १८१० सालच्या एका इंग्रज चित्रात लोक उघड्यावर दहा खुंट त्रिकोणात मांडून खेळताना दिसतात. दहा पिनांचे इंग्रजी नाव एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वापरात होते. आणि 'टेन-स्ट्राइक' हा शब्द १८४० सालीच छापून आलेला आहे. जो खेळ कायद्याच्या पोटी जन्मला म्हणतात, त्याच्या सर्वोच्च यशाचे नाव कायद्याच्या आदल्या वर्षी लोकांच्या तोंडी होते. माझ्या मते येथे कायद्याने खेळ निर्माण केला नाही, फार तर एका चालू प्रकाराला दुसऱ्यावर वर्चस्व मिळण्यास साहाय्य केले असेल. आणि त्याच सुमारास, १८४० साली, न्यूयॉर्कमध्ये 'निकरबॉकर' या नावाची छपराखालची अ‍ॅली निघाली, तिच्यामुळे हवापाण्याची पर्वा न करता बारा महिने खेळण्याची सोय झाली, ही गोष्टही त्या मनाईपेक्षा कमी महत्त्वाची मानता येत नाही.

दहा पिनांची त्रिकोणी रचना ज्याने प्रथम मांडली त्याला तिच्यात दडलेले सौंदर्य पुरते जाणवले असेल का, असा प्रश्न मला पडतो. उजव्या हाताचा खेळाडू चेंडू सरळ पहिल्या पिनेवर नेत नाही. तो तिच्या आणि तिच्या उजवीकडच्या पिनेच्या मधल्या फटीत शिरेल असा वळवतो. सर्व काही बिनचूक जुळले तर चेंडू स्वतः फक्त चार पिनांना स्पर्श करतो: पहिली, तिसरी, पाचवी आणि नववी. पहिली दुसरीवर जाते, दुसरी चौथीवर, चौथी सातवीवर. तिसरी सहावीला लोळवते आणि सहावी दहावीला. पाचवी आठवीला घेऊन पडते. म्हणजे पूर्ण यशाच्या त्या क्षणी दहांपैकी सहा पिना पिनांनीच पाडलेल्या असतात. याउलट चेंडू मधोमध नाकावर आदळला तर दोन्ही टोकांच्या पिना खांबांसारख्या उभ्या राहण्याचे भय असते. शक्ती अधिक लावल्याने हे साधत नाही. कोन साधावा लागतो.

गुणांची पद्धत याहूनही विलक्षण आहे. एका डावात दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन चेंडू. दोन चेंडूंत दहा पाडल्या तर तो स्पेअर. त्याच्या दहांत पुढच्या एका चेंडूचे गुण मिळतात. पहिल्याच चेंडूत दहा पाडल्या तर स्ट्राइक. तिच्या दहांत पुढच्या दोन चेंडूंचे गुण मिळतात. त्यामुळे स्ट्राइक झाली त्या क्षणी गुणफलकावर तिची किंमत मांडता येत नाही. पुढचे दोन चेंडू पडेपर्यंत ती जागा रिकामी राहते, आणि ती किंमत दहा ठरेल की तीस, हे खेळाडूच्या पुढच्या कर्तबगारीवर अवलंबून असते. ओळीने बारा स्ट्राइक साधल्या तर ३०० गुण, आणि ३०० च्या पुढे काही नाही. सामान्य व्यवहारात टेन-स्ट्राइक म्हणजे एकदाच साधलेला, स्वयंपूर्ण, मागचापुढचा संबंध नसलेला विजय असा अर्थ रूढ झाला. खेळाने मात्र ती कधीही एकटी धरली नव्हती. व्यापारी आणि पुढारी यांनी हा शब्द उचलताना त्याचा हा अर्धा भाग मागेच ठेवला, याची मला खंत वाटते.

परंतु पूर्ण म्हणजे किती, हे ठरल्यावाचून पूर्णत्वाला अर्थ नाही, आणि ते ठरविण्यास अर्धशतक लागले. गावोगावच्या अ‍ॅलींत पिनांचे अंतर निराळे, चेंडूचे वजन निराळे, कोठे फ्रेमला तीन चेंडू आणि कमाल गुण २००. एका शहरातला विजेता दुसऱ्या शहरात गेला की त्याच्या कीर्तीचा हिशेब नव्याने मांडावा लागे. १८७५ साली न्यूयॉर्क परिसरातील नऊ क्लबांनी एकत्र येऊन 'नॅशनल बोलिंग असोसिएशन' स्थापिली. तिच्यात नियमांवरून तंटे माजून ती टिकली नाही. पुढे १८९५ च्या ९ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या बेथोव्हेन हॉलमध्ये 'अमेरिकन बोलिंग काँग्रेस' जन्मास आली. तिच्या उभारणीत जो थम या जर्मन वंशाच्या उपाहारगृहवाल्याचा मोठा वाटा होता; आपल्या उपाहारगृहाच्या तळघरात त्याने लेन काढल्या होत्या आणि कुटुंबवत्सल माणसाने निःशंकपणे यावे अशी अ‍ॅली असू शकते हे त्याने दाखवून दिले होते. सभागृहाचे नाव बेथोव्हेनचे, कर्ते जर्मन, आणि निघालेला नियम अस्सल अमेरिकन. कमाल गुण ३००, पिनांतील अंतर १२ इंच, हे या सभेच्या पुढाकारानेच कायम झाले. चेंडू पूर्वी लिग्नम व्हायटी नावाच्या, पाण्यात बुडण्याइतक्या जड कॅरिबियन लाकडाचे असत. १९०५ पासून रबराचे आले. स्त्रियांनी १९१६ साली सेंट लुइस येथे आपली स्वतंत्र राष्ट्रीय संस्था काढली.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे वळतो, म्हणजे पिना रचणाऱ्याकडे. तो बहुधा माणूस नसेच, पोर असे. लेनच्या टोकाला, पिनांच्या मागे एक खड्डा आणि त्याच्या वर बसायला कठडा. चेंडू येऊन आदळला की पिना चौफेर उडत, मुलाने पाय वर घेऊन कठड्यावर अंग चोरून बसावयाचे, मग खाली उडी टाकून तो जड चेंडू उचलून परतीच्या घसरणीवर सोडावयाचा, पडलेल्या पिना बाजूला सारावयाच्या, फ्रेम संपली की दहाही पुन्हा जागच्या जागी उभ्या करावयाच्या, आणि हे रात्र चढेपर्यंत. नडगीवर पिन बसणे ही नित्याची गोष्ट. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी लुइस हाइन या छायाचित्रकाराने गिरण्या, खाणी आणि कारखान्यांबरोबर या अ‍ॅलींतही आपला कॅमेरा नेला. १९१० च्या एप्रिलमध्ये ब्रुकलिनच्या एका अ‍ॅलीत रात्री एक वाजता त्याने काम करणाऱ्या पिन-बॉइजचे छायाचित्र घेतले आणि त्याच्या टिपणात नमूद करून ठेवले की याहून लहान अशा तीन मुलांना मालकाने छायाचित्राबाहेर ठेवले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला या टिपणाचे मोल फार आहे. जे चित्रात आहेत त्यांचे चेहरे आपण पाहतो. जे नाहीत त्यांचे अस्तित्व त्या एका ओळीने वाचले. टेन-स्ट्राइक म्हणून वर्तमानपत्रांनी ज्या यशांचा डंका वाजविला त्यांच्या मूळ प्रतिमेत या मुलांना कोठेही जागा नाही; पण प्रत्येक टेन-स्ट्राइकपूर्वी कोणीतरी दहा पिना अंतर राखून, तोल सांभाळून उभ्या केलेल्या होत्या, आणि त्या जितक्या अचूक उभ्या तितकेच ते यश निर्दोष.

या मुलांची सुटका सुधारकांच्या कळकळीइतकीच यंत्राने केली. न्यूयॉर्क संस्थानातील पर्ल रिव्हर येथल्या गॉटफ्रीड श्मिट याने पिना आपोआप उचलून मांडणारे यंत्र कल्पिले, ए.एम.एफ. कंपनीने त्याचे हक्क घेतले, १९४६ साली बफेलो येथे ते लोकांपुढे आले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी अ‍ॅलींतून बसू लागले. खड्डा रिकामा झाला, लेन रात्रंदिवस चालू राहू शकल्या, आणि उपनगरांतल्या कुटुंबांनी या खेळावर अक्षरशः गर्दी केली.

परंतु दार सर्वांना उघडे नव्हते. अमेरिकन बोलिंग काँग्रेसच्या घटनेत सभासदत्व गोऱ्या पुरुषांपुरते ठेवणारे कलम १९१६ पासून होते. कृष्णवर्णीय खेळाडूने खासगी डावात बारा स्ट्राइक साधल्या तरी राष्ट्रीय दप्तरात त्यांची नोंद होण्याचा मार्ग नव्हता. १९३९ साली डेट्रॉइट येथे त्यांनी 'नॅशनल निग्रो बोलिंग असोसिएशन' ही आपली संस्था स्थापिली आणि स्वतःच्या स्पर्धा, स्वतःच्या नोंदी सुरू केल्या. डेट्रॉइटच्या मोटारकारखान्यांतील कामगारांच्या संघटनेने, जिचे गोरे व काळे सभासद एकाच कारखान्यात खपून एकाच लेनवर खेळू इच्छीत होते, या कलमाविरुद्ध मोहीम उघडली. मिनिआपोलिसचे तेव्हाचे महापौर ह्यूबर्ट हंफ्री या मोहिमेसाठी उभारलेल्या समितीच्या नेतृत्वात होते. जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या संस्थाही सामील झाल्या. अनेक संस्थानांत दावे दाखल झाले, आणि १९५० साली बोलिंग काँग्रेसने ते कलम काढून टाकले.

कलम घटनेतून गेले, पण प्रत्येक अ‍ॅलीच्या दारातून गेले नाही. साउथ कॅरोलायनातील ऑरेंजबर्ग गावची 'ऑल-स्टार' नावाची अ‍ॅली १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानंतरही चार वर्षे फक्त गोऱ्यांसाठी राहिली. १९६८ च्या फेब्रुवारीत तेथल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयाचे विद्यार्थी तिच्या दाराशी जमले, अटका झाल्या, लाठ्या चालल्या, आणि ८ तारखेच्या रात्री महाविद्यालयाच्या आवारात संस्थानाच्या महामार्ग पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. तीन तरुण ठार झाले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. गोळीबाराबद्दल नऊ पोलिसांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. अ‍ॅलीच्या लेन मात्र संघीय न्यायालयाच्या हुकुमाने सर्वांना खुल्या कराव्या लागल्या.